शिट्टीनंतरचा अर्धा तास

फुटबॉलचा सामना हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये पहिली काही मिनिटं कोणी बोलत नाही, असं माझा भाचा सांगतो. बुटांच्या नाड्या सुटतात, नडगीवरचे पॅड निघतात, कोणी घोट्यावर बर्फ धरून बसतो. मग एकेकाचा हात किटबॅगच्या बाजूच्या कप्प्याकडे जातो आणि फोन बाहेर येतात. अंगावरचा घाम वाळलेला नसतो, छातीतली धडधड उतरलेली नसते. शरीर पार थकलेलं आणि डोकं टक्क जागं, अशा त्या अर्ध्या तासात शेकडो अनोळखी माणसं त्या पोरांना काहीबाही सुनवायला टपलेली असतात.

भाचा गोलकीपर आहे. नागपूरचा, रेशीमबागच्या मैदानावर वाढलेला. आता दुसऱ्या राज्यातल्या एका क्लबकडून खेळतो. वय 21. मागच्या हंगामात एका सामन्यात उजवीकडून क्रॉस आला, म्हणजे कडेवरून गोलसमोर उंच बॉल टाकला गेला, हा गोल सोडून पुढे झेपावला, बॉल बोटांना न लागता वरून गेला आणि मागच्या खांबाशी उभ्या असलेल्या फॉरवर्डनं डोक्यानं तो रिकाम्या जाळीत ढकलला. संघ एका गोलनं हरला. रात्रीची जेवणं व्हायच्या आत तेवढ्याच प्रसंगाची क्लिप, खाली विनोदी संगीत लावून, इन्स्टाग्रामवर फिरायला लागली होती.

हंगाम संपवून तो घरी आला तेव्हा आम्ही दोघं गच्चीवर बसलो होतो. मी विचारलं, ''त्या मॅचमध्ये त्याच्या आधी तू किती बॉल अडवले होतेस रे?'' त्याला आठवेना. एक आठवला, तोही मी खोदून विचारल्यावर. कमेंट मात्र त्याला पाठ होत्या. ओळीनं म्हणून दाखवल्या त्यानं. कोणी आईवरून लिहिलं होतं, कोणी जातीवरून, कोणी लिहिलं होतं की याला नागपूरला परत पाठवा, संत्र्याची गाडी लावू द्या. शेवटची कमेंट कोणत्या चित्राच्या खात्यावरून आली होती तेही त्याच्या लक्षात होतं. ते खातं कुणाचं, हे त्याला आजही माहीत नाही.

''मावशी, तू नको वाचू,'' असं म्हणून त्यानं फोन उलटा ठेवला. त्या क्षणापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

कतारमधल्या 2022 च्या फुटबॉल विश्वचषकात खेळाडूंच्या खात्यांवर येणाऱ्या मजकुरावर लक्ष ठेवण्यासाठी फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं एक यंत्रणा चालवली होती. तिनं सुमारे 2 कोटी पोस्ट आणि कमेंट तपासल्या. त्यातल्या 19 हजारांहून अधिक शिवीगाळ, धमक्या किंवा वंशद्वेष अशा निघाल्या. म्हणजे साधारण हजारात एक. हे प्रमाण ऐकून कोणी म्हणेल, मग एवढं काय त्यात? उरलेले नऊशे नव्व्याण्णव तर बरे आहेत ना! पण माणसाचं मन असा हिशेब मांडत नाही. जिथून धोका आहे ती गोष्ट ते आधी टिपतं आणि जास्त दिवस जपून ठेवतं, आणि हे मानसशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. पंधरा ''वेल प्लेड भाई'' भाच्याच्या नजरेखालून निसटून गेले. आईवरची शिवी तेवढी राहिली.

आणि हे सगळं एकोणीस, वीस, एकवीस या वयात. या वयाची बाकीची मुलं कॉलेजात असतात. त्यांचा पेपर खराब गेला तर घरच्यांना आणि फार तर चार मित्रांना कळतं. फुटबॉल खेळणाऱ्याचा पेपर सगळ्यांसमोर तपासला जातो, आणि तोही चुकलेल्या प्रश्नापुरता.

लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचा प्रसंग इथं सांगायलाच हवा, कारण हा विषय जगाच्या कानावर खऱ्या अर्थानं त्या रात्री गेला. 11 जुलै 2021, युरोपीय अजिंक्यपदाचा, म्हणजे 'युरो'चा, अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध इटली. 1-1 अशी बरोबरी होऊन प्रकरण पेनल्टी शूटआउटवर गेलं. 23 वर्षांच्या मार्कस रॅशफर्डचा फटका खांबावर आदळला. 21 वर्षांच्या जेडन सँचोचा फटका इटलीच्या डोन्नारुम्मानं अडवला. पाचव्या फटक्याला आला बुकायो साका. वय 19. तोही अडवला गेला आणि इटली 3-2 नं जिंकली. तिघंही कृष्णवर्णीय. पुढच्या काही तासांत त्यांच्या खात्यांवर जे येऊन पडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार दिवसांनी साकानं आपलं निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात त्यानं म्हटलं होतं की फटका चुकला त्याच क्षणी आता आपल्या वाट्याला कसल्या प्रकारचा द्वेष येणार हे त्याला कळून चुकलं होतं. हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं. स्वप्न मोडल्याचं दुःख त्याच्यापर्यंत पोचण्याआधी शिव्यांची चाहूल पोचली होती. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या हरण्याचं नीट दुःखसुद्धा करता येऊ नये, हे मला फार क्रूर वाटतं.

त्या दिवसांत आणखीही काही घडलं, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट त्याच रात्री पुढे आले आणि म्हणाले की पेनल्टी कोणी मारायची हे मी ठरवलं होतं, जबाबदारी माझी. हा माणूस 1996 च्या युरोच्या उपांत्य सामन्यात, वेम्बलीवरच, जर्मनीविरुद्ध स्वतः पेनल्टी चुकलेला होता. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डच्या भिंतीवरच्या चित्रावर कोणी घाण लिहिलं होतं. लोकांनी ते चिठ्ठ्यांनी आणि मुलांच्या अक्षरातल्या कागदांनी झाकून टाकलं. साका आर्सेनलच्या सराव मैदानावर परतला तेव्हा क्लबनं त्याला पाठिंब्याच्या पत्रांनी भरलेली एक अख्खी भिंत दाखवली. पत्रं कागदावरची, लिहिणाऱ्यांनी बसून लिहिलेली. तीन वर्षांनी 2024 च्या युरोमध्ये, स्वित्झर्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, 80 व्या मिनिटाला बरोबरीचा गोल साकानंच केला आणि शूटआउटमध्ये आपली पेनल्टीही जाळीत मारली. त्याचं मनोबल जबरदस्त आहे, यात वादच नाही. पण ती भिंत आणि तो प्रशिक्षक वगळून नुसतं त्याच्या मनोबलाचं कौतुक करणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

आपल्याकडे सल्ला एकच, 'कातडी जाड कर'. भाच्याला हा सल्ला घरातल्या प्रत्येक पुरुषानं दिलाय. मला तो पटत नाही. गोलकीपरचं अख्खं कसब पातळ कातडीवर उभं असतं. समोरचा फॉरवर्ड खांदा किंचित कोणत्या बाजूला झुकवतो, मारायच्या आधी त्याचा दुसरा पाय कुठं टेकतो, आपल्या बचावपटूच्या आवाजात घाबरेपणा आहे का, हे सगळं ज्याला जाणवतं तोच बॉल अडवतो. दिवसभर इतकं बारीक जाणवून घ्यायला शिकवलेल्या मुलाला संध्याकाळी सहा वाजता सांगायचं की आता काहीच जाणवून घेऊ नको, हे कसं जमावं?

नागपूरच्या मैदानांवर बोलणी खाल्ली नाहीत असा फुटबॉलर विरळा. या शहराचं नाव आता जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमनं ओळखतात, पण फुटबॉल इथं जुना आहे. कामठीत तर घराघरांत. मोहननगर, सदर या भागांत अजूनही पोरं आधी बॉल लाथाडायला शिकतात आणि मग शाळेत जातात. यशवंत स्टेडियमवर किंवा रेशीमबागेत लीगचा सामना असला की टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, उभी असलेली मंडळी गप्प बसत नाहीत. ''कीपर, झोपला का बे?'' ''अबे, हात कायले देल्ले तुले?'' भाचा बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून हे ऐकत आलाय. त्यातले एक काका तर दर सामन्याला ठरलेल्या जागी उभे राहायचे आणि पहिल्या मिनिटापासून त्याच्यावर ओरडायचे. सामना संपला की तेच काका टपरीवर त्याला चहा पाजायचे, आणि चहा पिता पिता हातवारे करून सांगायचे की कॉर्नरला उभं राहताना अंग कसं अर्धं वळवून उभं राहायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तीच जागा, पुन्हा तोच आरडाओरडा.

त्या ओरडण्याला चेहरा होता. ओरडणाऱ्यानं सामना पाहिलेला असायचा, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. त्यानं तुमचे अडवलेले बॉलही पाहिलेले असायचे. शिवाय तो पुढच्या रविवारी भेटणार असायचा, त्यामुळे बोलण्याला आपोआप एक सीमा यायची.

जुन्या मैदानांचं असं कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकायची नाही. त्याच टचलाइनवर जातीवरून, वस्तीवरून, धर्मावरूनही बोललं जायचं, आणि पोरं ते गिळायची. मुली मैदानात उतरल्या की त्यांच्या चड्डीच्या लांबीवर बोलणारे तिथंच उभे असायचे. फोननं हा विखार निर्माण केला नाही. त्याला रात्रंदिवस उघडं दार करून दिलं, आणि बोलणाऱ्याचं तोंड झाकलं.

मुलींचा विषय निघालाच आहे तर आपल्या शहराची दिव्या देशमुख आठवते. खेळ वेगळा, बुद्धिबळाचा, पण वय तेच आणि फोनही तोच. जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर तिनं इन्स्टाग्रामवर मोकळेपणानं लिहिलं होतं की प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा तिचे कपडे, केस, बोलण्याचा ढंग यांवरच बोलत राहतात. तेव्हा ती 18 वर्षांची होती. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथं कोनेरू हंपीला हरवून ती महिलांची विश्वचषक विजेती आणि ग्रँडमास्टर झाली, आणि नागपूरनं तिचं जंगी स्वागत केलं. मला त्या 2024 च्या पोस्टचाही तितकाच अभिमान वाटतो. जिंकल्यावर बोलणं सोपं असतं. ती जिंकायच्या आधी बोलली. 2025 च्या त्याच जुलैत इंग्लंडच्या महिला संघाच्या जेस कार्टरला युरो स्पर्धा चालू असताना वंशद्वेषी शिव्या आल्या. तिनं जाहीरपणे सांगितलं की मी समाजमाध्यमांपासून बाजूला होतेय, आणि अंतिम सामना ती खेळली, जिंकलीही.

बाजूला होणं. हा उपाय सगळेच सुचवतात. फ्रान्सच्या थिएरी हेन्रीसारखा दिग्गज फुटबॉलर मार्च 2021 मध्ये सगळी खाती सोडून गेला. त्यानंतर साधारण महिन्याभरानं इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांनी मिळून चार दिवस समाजमाध्यमांवर मौन पाळलं. त्यानं लक्ष वेधलं गेलं, पण दोनच महिन्यांनी वेम्बली झालं. आणि हेन्रीचं नाव झालेलं होतं. भाच्यासारख्याचं तसं नाही. त्याचं खातं हीच त्याची ओळखपत्राची फाइल आहे. कोणत्या क्लबला कीपर हवा असेल तर त्यांचा माणूस आधी त्याच्या रील बघतो. ग्लव्ह्ज फुकट देणारी कंपनी फॉलोअर मोजते. एजंट म्हणतो, आठवड्याला दोन क्लिप टाकत जा. जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल फुटबॉल स्पर्धेचा पुढचा हंगामच अनिश्चित काळासाठी थांबवल्याची बातमी आली तेव्हा देशभरातली पोरं आपापल्या खात्यांवर सरावाचे व्हिडिओ टाकत बसली होती, कारण आम्ही अजून खेळतोय हे दाखवायला दुसरी जागाच नव्हती. अशा मुलाला ''फोन फेकून दे'' म्हणणं म्हणजे दुकान बंद कर म्हणण्यासारखं आहे.

भारतीय फुटबॉलरची अवस्था यात आणखी वेगळी. युरोपातल्या खेळाडूला निदान भरलेली स्टेडियम मिळतात. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला, 2018 साली, भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्रीनं व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले होते की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा. आदल्याच सामन्यात, मुंबईच्या अंधेरीतल्या मैदानावर, त्यानं चिनी तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) हॅट्‌ट्रिक केली होती आणि पाहायला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. पुढच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला मैदान भरलं. तो छेत्रीचा देशासाठीचा शंभरावा सामना होता. त्या व्हिडिओत त्यानं शिव्यांना नकार दिला नव्हता, हे मला आजही विचार करायला लावतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, आधी बघा. समोर बसून बघा आणि मग काय बोलायचं ते बोला. कामठीतल्या कुठल्याही जुन्या प्रेक्षकाला ही अट लगेच मान्य झाली असती.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर 2017 मध्ये, 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला होता. आपले तिन्ही सामने आपण हरलो. पण 9 ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगनं कॉर्नरवर डोक्यानं जो गोल केला तो फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. ही सोळा-सतरा वर्षांची पोरं होती. अख्खा देश त्यांच्याकडे भारतीय फुटबॉलचं भविष्य म्हणून बघत होता, आणि त्यातल्या प्रत्येकाला पुढची कित्येक वर्षं 'तो 2017 वाला ना? त्याचं पुढे काय झालं?' हा प्रश्न ऐकावा लागला. अपेक्षासुद्धा टीकेइतकीच जड असते. ती प्रेमानं लादलेली असते म्हणून कोणी तिला ओझं म्हणत नाही, एवढंच.

आणि सगळं फोनच्या माथी मारूनही चालणार नाही. स्पेनचा बोयान क्रकिच 17 व्या वर्षी बार्सिलोनाच्या मुख्य संघात आला. दुसरा मेस्सी म्हणून त्याचा गवगवा झाला. 2008 च्या युरोला तो गेला नाही. बाहेर सांगितलं गेलं की थकलाय. खरं कारण होतं ते चिंतेचे झटके, आणि ते त्यानं उघडपणे सांगितलं दहा वर्षांनी. त्या काळी खिशात इन्स्टाग्राम नव्हतं. वर्तमानपत्रं होती, आणि 'सांगायचं नाही' हा नियम होता. तो नियम आता थोडा सैल होतोय. ब्राझीलचा रिचार्लिसन 2023 मध्ये बाकावर बसून रडला आणि नंतर सरळ म्हणाला की मी मानसोपचाराची मदत घेणार आहे. नागपूरच्या एखाद्या क्लबातल्या मुलानं अशी मदत मागितली तर त्याला काय उत्तर मिळेल? 'वेडा झाला का बे?' हेच मिळेल अशी मला भीती वाटते.

आता भाच्याच्या सरांविषयी. लहानपणी ज्यांनी त्याला रेशीमबागेत उभं केलं ते सर अजूनही पहाटे मैदानावर असतात. तो सुटीत आला की त्यांना भेटल्याशिवाय राहत नाही. यावेळी जायला टाळाटाळ करत होता, म्हणून मीच त्याला स्कूटीवर घेऊन गेले. सरांनी क्लिपचा विषय काढला नाही. ''पूर्ण मॅच आहे का तुझ्याजवळ?'' विचारलं. होती. मैदानाच्या कडेला, सावलीत, दोघं फोन मध्ये ठेवून बसले आणि सरांनी गोलच्या आधीची वीसेक मिनिटं लावली. क्रॉस आला तिथं थांबवलं. मग मागे नेलं. पुन्हा थांबवलं.

''हे पाह्य. बॉल त्याच्या पायात आहे अजून. तुहं पहिलं पाऊल कुठं पडलं?''

''जवळच्या खांबाकडे.''

''काऊन?''

''वाटलं तो सरळ मारणार.''

''मग तिथंच एक पाऊल गेलं. बाहेर निघाला तेव्हा उशीर झालेला. झेप बरोबर होती. हा गोल तुहाच होय, पण तो बोटावरून नाही गेला. पहिल्या पावलातून गेला.''

भाच्याच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. सरांनी त्याला माफ केलं नव्हतं. उलट, गोल तुझाच म्हणून त्याच्या पदरात टाकला होता. पण नेमकं कुठं चुकलं ते दाखवल्यावर ती चूक एका पावलाएवढी झाली, आणि पाऊल सुधारता येतं. 'तू फुटबॉलवर कलंक आहेस' हे कोणी कसं सुधारायचं? टीका आणि शिवी यांतला फरक मला त्या सकाळी जितका स्वच्छ दिसला तितका कुठल्या लेखात दिसला नव्हता. टीका कामाला लावते. शिवी माणसाला जागच्या जागी खिळवते. त्यानंतर रोज सकाळी उन्हं चढेपर्यंत सर उजवीकडून बॉल टाकत होते आणि हा पहिलं पाऊल मोकळं ठेवायला शिकत होता. एकदा चुकला तर सर ओरडायचे, पलीकडच्या क्रिकेटवाल्या पोरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तो हसायचा आणि पुन्हा उभा राहायचा.

नागपुरात विजय बारसे यांच्याविषयी सगळ्यांना माहीत आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं त्यांनी पाहिली आणि 2001 मध्ये जे काम सुरू झालं त्याची पुढे स्लम सॉकर ही संस्था झाली. बातम्यांत त्या बादलीची गोष्ट येते. माझं लक्ष दुसऱ्या बाजूला जातं. त्या पोरांना बॉल मिळाला हे खरंच, पण त्यांचा खेळ उभं राहून बघणारा एक जाणता माणूसही मिळाला. जो खेळ पाहतो त्याच्याकडून मुलं वाट्टेल ते ऐकून घेतात.

म्हणून खेळाडूंनी स्वतःपुरते शोधलेले उपाय मला शहाणपणाचे वाटतात, पण अपुरेही वाटतात. भाचा आता सामन्याच्या आदल्या दिवशी ॲप काढून टाकतो आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्यानंतर, परत घेतो. ठरावीक शब्द असलेल्या कमेंट दिसूच नयेत अशी सोय त्यानं करून घेतली आहे. मराठी, हिंदी आणि तिकडच्या भाषेतल्या शिव्यांची यादी त्यात एकेक करून टाइप करावी लागली. ते काम त्याच्या बहिणीनं केलं, त्याला बाहेर पाठवून. त्याच्या खात्याचा पासवर्डही आता तिच्याकडे आहे. क्लिप तीच टाकते, आलेले मेसेज तीच आधी बघते. त्याच्या संघातला एक जण उलट सगळं वाचतो आणि रागानं पेटून खेळतो म्हणे. तसं करणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण जिंकल्यावर तो राग कुठं ठेवायचा हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

घरच्यांनाही काही सांगायचं आहे. ती क्लिप भाच्याला अनोळखी माणसांकडून आली त्याच्या आधी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. ''हा आपलाच ना?'' असं लिहून, काळजीपोटी. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण सामना न बघता फक्त क्लिप बघणाऱ्यांत तेही सामील झाले, आणि ज्या ग्रुपवर त्याच्या आईचे, आजीचे फोन आहेत तिथं झाले. त्याच्या आईनं त्या दिवशी खालच्या सगळ्या कमेंट वाचल्या. तिला कोणी सावलीत बसवून पूर्ण सामना दाखवला नाही.

आणि क्लबांना सांगायचं आहे. भाच्याचा करार मी वाचला आहे. इंग्रजीत आहे, बराच लांब. खेळाडूनं समाजमाध्यमांवर काय लिहू नये, कोणाबद्दल बोलू नये, क्लबचं चिन्ह कसं वापरावं, दंड किती, याची सगळी कलमं त्यात आहेत. गुडघा दुखावला तर उपचार कोणी करायचे याचंही कलम आहे. पण खेळाडूवर जे लिहिलं जातं त्याचं काय, धमकी आली तर पोलिसांकडे कोणी जायचं, हरल्यानंतरच्या रात्री त्यानं कोणाशी बोलायचं, याची एक ओळही नाही. मी हे दाखवलं तेव्हा त्यानं करार पुन्हा पहिल्यापासून वाचला. पुढच्या महिन्यात नूतनीकरणाची बोलणी आहेत. मानधन वाढवून मागणार आहेच, पण त्याआधी एक मानसतज्ज्ञ संघाबरोबर हवा आणि शिव्यांच्या तक्रारी क्लबनं स्वतः कराव्यात, या दोन मागण्या तो लेखी देणार आहे. एजंट म्हणाला, असं कोणी मागत नाही, बोलणी लांबतील. लांबू देत, असं भाच्यानं त्याला कळवलंय, आणि संघातल्या आणखी दोघांनी तोच मसुदा त्याच्याकडून मागून घेतलाय.